कुणाच्या वळणावर

“घरात कुणाच्या वळणावर गेलाय हा?”

विचारणाऱ्या बाईंच्या आवाजात नुसती चौकशी होती, तरी काकूंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. हा प्रश्न त्यांनी भुंगाच्या बारशापासून ऐकला होता. आधी कौतुकाने, मग काळजीने, मग दबक्या आवाजात पाठीमागे. समोर बसून, हातात पेन्सिल घेऊन, उत्तर लिहून घ्यायच्या तयारीने मात्र कुणी विचारलं नव्हतं.

“कुणाच्याच नाही,” काकू शेजारच्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. “माझ्या माहेरी असं कपाळ नाही. यांच्याकडे असे कान नाहीत. आमच्यात हा एकटाच असा.”

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो खिडकीशी उभा राहून पडद्याची दोरी ओढत होता. ओढली की पट्ट्या उघडत, सोडली की मिटत. उघडल्या की ऊन त्याच्या तोंडावर येई आणि तो घशातल्या घशात गुणगुणे. तान्हा असताना तो इतर पोरांसारखा रडायचा नाही, असाच घुमायचा, म्हणून बापाने लाडाने भुंगा म्हटलं, ते कायमचं चिकटलं. आता तो तिशीचा उंच बाप्या झाला होता. कपाळ रुंद, डोळे एकमेकांपासून लांब, कान छोटे आणि जरा खालीच बसवल्यासारखे, वरचा ओठ इतका पातळ की काढायचा राहून गेला असं वाटावं. बोलणं नाही. चालताना पाय फाकवून, बोटीवर चालल्यासारखा चालायचा.

खोली रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला होती. तपासायचं टेबल नाही, सुया नाहीत. चार खुर्च्या, एक संगणक आणि हाताशी कागदी रुमालांचा डबा. तो डबा काकूंनी आल्या आल्या पाहिला होता आणि इथे लोक रडत असणार हे ओळखलं होतं.

त्या इथे आल्या होत्या लेकीमुळे. पलीकडच्या खुर्चीत बसलेल्या धाकटीला तिसरा महिना लागला होता. तिच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या चौकशीत विचारलं, माहेरी कुणाला जन्मापासून काही? धाकटीने दादाचं सांगितलं. त्याला नक्की काय आहे? हे सांगता येईना, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षांत एका डॉक्टरने ‘मेंदूची वाढ कमी’ लिहिलं, दुसऱ्याने ‘जन्मतः दोष’, तिसऱ्याने नुसताच प्रश्नचिन्हाचा आकडा काढला. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी भावाची तपासणी करून घ्या, आणि त्या आधी समुपदेशक बाईंना भेटा.

समुपदेशक बाई धाकटीच्याच वयाच्या असतील. त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. पुरुष चौकोनी, बायका गोल. काकांचे भाऊ, काकूंच्या बहिणी, आजे, पणजे. मेलेल्यांवर तिरकी रेघ. बघता बघता कागद भरला.

“मला आमच्या आत्याला गोल काढलेलं बघून बरं वाटलं,” काका म्हणाले. “होतीच ती तशी.”

धाकटी हसली. काकूंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. घाबरले की त्यांना असं काहीतरी सुचतं हे काकूंना ठाऊक होतं.

मग बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “आता नीट ऐका. आम्ही याचं, तुम्हा दोघांचं आणि ताईंचं रक्त घेऊ. त्यातून कदाचित कारण सापडेल. कदाचित काहीच सापडणार नाही. आणि कदाचित असं काही सापडेल की ज्याचा अर्थ आज कुणालाच लावता येत नाही. तिन्हीची तयारी ठेवा. वेळ लागेल, दोन-तीन महिने तरी. सापडलं तरी त्यावर औषध असेलच असं नाही. बहुतेक नसतंच.”

“मग शोधायचं कशाला?” काका म्हणाले.

काकूंना वाटलं, बाई रागावणार. पण त्या मान हलवत म्हणाल्या, “काका, हे विचारायलाच हवं. घरी जाऊन विचार करा. नको म्हणालात तर माझी काही तक्रार नाही. आणि अजून एक. शोधताना दुसरंच काही दिसू शकतं, तुमच्यापैकी कुणाला पुढे होऊ शकेल असा एखादा आजार. ते कळायला हवं की नको, तेही आधीच ठरवायचं.”

“माझ्यासाठी शोधायचंय बाबा,” धाकटी हळूच म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

“गरोदरपणात काही झालं होतं का काकू? पडणं, ताप, औषधं, रसायनं?”

काकू या प्रश्नाची वाटच बघत होत्या. त्यांनी एका दमात सांगून टाकलं. त्या फोटो स्टुडिओत काम करत, लग्नाच्या आधीपासून. तेव्हा फोटो धुवायची काळोखी खोली होती, त्यात लाल दिवा आणि रसायनांच्या तीन थाळ्या. भुंगाच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या होत्या. त्या वासाने डोळे चुरचुरायचे. “आमच्या सासूबाई जाईपर्यंत म्हणत होत्या, काळोखात बसून काळोखच जन्माला घातलास.”

बाईंनी लिहून घेतलं. काका जमिनीकडे बघत होते.

निघताना बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि भुंगाच्या शेजारी उभ्या राहिल्या. “तुझं थोडं रक्त लागणार आहे. टोचेल जरासं. आई हात धरेल. चालेल ना?” भुंगाने दोरी सोडली, पट्ट्या मिटल्या. तो त्यांच्या तोंडाकडे बघून घुमला. “विचारलेलं बरं,” बाई काकूंना म्हणाल्या. “काय समजतं आणि काय नाही, ते आपल्याला कुठे माहितेय.”

*

स्टुडिओत आता काळोखी खोली उरली नव्हती. पण काकू होत्या. आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांतली निम्मी पोरं त्यांना फोटोवाल्या काकू म्हणून ओळखत. ओळखपत्रं, परवाने, पासपोर्ट, सगळ्यांचे फोटो त्याच काढत. हनुवटी जरा खाली, दात नको दाखवू, श्वास सोड, झालं. दिवसभर चेहरेच चेहरे. त्यांना नाद लागला होता. वेगवेगळ्या दिवशी आलेली दोन माणसं मावसभाऊ आहेत, हे त्या भुवयांवरून सांगत. बापलेक जोडीने आले की स्टुडिओच्या मालकांच्या कानात पुटपुटत, “एक काढते, दुसऱ्याची झेरॉक्स मारा.” माणसाचा चेहरा म्हणजे कुणाकडून तरी आलेलं सामान, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. नाक आजोबांचं, हनुवटी आईची, टक्कल मामाचं.

आणि इतक्या वर्षांत, इतक्या हजारो माणसांत, भुंगाच्या तोंडवळ्याचा एकही चेहरा त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसला नव्हता. आपण तो शोधतो आहोत हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण नवं गिऱ्हाईक दारात दिसलं की नजर आधी कानांकडे जायची.

रक्त देऊन झालं. भुंगाने हात ओढला नाही. काकांनीच सुई पाहून तोंड फिरवलं. मग वाट बघणं सुरू झालं, आणि घरात त्याबद्दल बोलायचं नाही असं कुणी न ठरवताच ठरलं.

एका रविवारी धाकटी आली होती. भुंगाला तिची चाहूल लागायची. ती दोन मजले खाली असली तरी तो दारापाशी जाऊन घुमायला लागायचा. त्या दिवशी त्याने तिच्या पोटावर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. तो गॅलरीत गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“आई, एक बोलू? तू चिडशील.”

“बोल की.”

“मला दादासारखं मूल नको.” तिने श्वास घेतला. “रात्री जाग येते नि हेच मनात येतं. मग स्वतःचीच लाज वाटते. उद्या त्याच्यासमोर जायचं कसं?”

काकूंनी गॅस बारीक केला. लेकीला जवळ घ्यावं असं वाटलं, पण ती तशी घेऊ देणारी नव्हती.

“मलाही नको होता,” त्या म्हणाल्या.

धाकटीने वर पाहिलं.

“खरं सांगते. असा मुलगा कुणाला हवा असतो? तो झाला तेव्हा सहा महिने मी देवाशी भांडत होते, नवऱ्याशी भांडत होते. त्याला पाजताना भिंतीकडे बघायचे. मग एके दिवशी हा माझ्या गळ्यातल्या मण्यांकडे बघून घुमला. तेव्हापासून हवासा झाला. कसा ते विचारू नकोस. पण आधीपासून हवा होता असं मी कुणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस. लाज कसली त्यात?”

धाकटी नाकाने सूं सूं करत हसली. गॅलरीत भुंगा खालून जाणाऱ्या गाड्यांना साथ देत होता.

*

निकालाचा फोन आला तेव्हा धाकटीला सहावा सरत आला होता. चौघं पुन्हा त्या बोळाच्या टोकाला गेले. भुंगा सरळ खिडकीपाशी.

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. “कारण सापडलं,” त्या म्हणाल्या. “आणि ताई, तुमचं आधी सांगते. तुमच्यात ते नाही. तुमच्या बाळाला हे होण्याची शक्यता इतर कुणाही बाईच्या बाळाइतकीच. शून्य म्हणणार नाही, शून्य कुणाचीच नसते. पण दादामुळे ती वाढत नाही.”

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने डब्यातला एक रुमाल ओढला आणि तो हातातच चुरगाळला.

“सापडलं म्हणजे काय सापडलं?” काकांनी विचारलं.

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर अक्षरांच्या तीन रांगा होत्या. एकाखाली एक, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. “अक्षरं चारच असतात. तीच उलटसुलट येतात. एका माणसाची सगळी मिळून तीनशे कोटी होतात. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ही सगळी रांग आहे. नखाच्या मुळाशी आहे, ओठात आहे. तिच्यावरूनच माणूस घडतो. ही वरची रांग काकू तुमची. मधली काकांची. खालची याची. आता इथे बघा.”

काकूंनी चष्मा सारखा केला. वरचं अक्षर, मधलं अक्षर, खालचं अक्षर, सारखं. पुढचं सारखं. त्याच्या पुढचंही. त्यांचं बोट पडद्यावर नकळत सरकत गेलं. मग एका जागी वर एक, मध्ये तेच, आणि खाली निराळं. पुढे पुन्हा सगळं सारखं.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

“एवढंच.”

“तीनशे कोटींत एक?”

“हो.”

काकूंनी बोट काढलं नाही. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की त्या बारीक कुंचल्याने झटकून टाकत. त्या कणाला तरी काही आकार असायचा. हे तर तेवढंही नव्हतं. या एवढ्याशाने तो बोलला नाही. या एवढ्याशाने ते कान, ते डोळे, ती चाल, आणि मण्यांकडे बघून घुमणंही. आणि हे कुणीतरी शोधून काढलं होतं, रक्ताच्या चमचाभर थेंबांतून, धान्याच्या कोठारातून एक दाणा उचलावा तसं. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे दुःख होतं की काय होतं, त्यांना कळेना. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा असंच काहीसं झालं होतं.

“हे आलं कुणाकडून?” त्यांनी विचारलं. “माझ्याकडून का यांच्याकडून?”

“कुणाकडूनच नाही. बघा ना, तुमच्या रांगेत ते नाही, काकांच्याही नाही. हे याच्यातच नवीन झालं. तो पोटात राहिला त्याच्याही आधी, रांगेची नक्कल होताना एक अक्षर चुकलं. आणि हे सगळ्यांच्यात होतं. जगातलं प्रत्येक मूल अशी पन्नास-साठ नवी अक्षरं घेऊन येतं. माझ्यात आहेत. ताईंच्यात आहेत. बहुतेक अशा जागी पडतात की काही बिघडत नाही. याचं एक नेमकं मोक्याच्या जागी पडलं.”

काका खाकरले. मग पुन्हा खाकरले.

“रंगाने होतं का असं?” ते म्हणाले.

“कसला रंग?”

“मी गाड्या रंगवायचो. फवाऱ्याने. तोंडाला फडकं-बिडकं तेव्हा कोण बांधतंय. संध्याकाळी थुंकलो तर ज्या रंगाची गाडी त्या रंगाची थुंकी.” ते बाईंशीच बोलत होते, बायकोकडे बघत नव्हते. “हा झाला. दाईने हातात दिला. तेव्हाच कळलं मला. म्हटलं, हे आपण घरी आणलं. दुसऱ्या महिन्यात काम सोडलं. वजनकाट्यावर नोकरीला लागलो. पुन्हा फवाऱ्याला हात लावला नाही.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. वस्तीत अजून सगळे त्यांना रंगारी म्हणत. गाडीच्या पत्र्यात ते असा रंग उतरवायचे की लोक त्यात बघून भांग पाडायचे. ते त्यांनी सोडलं तेव्हा घरात सांगितलं होतं, खोकला होतोय.

“काका,” बाई सावकाश म्हणाल्या, “तो रंगाचा फवारा छातीला वाईट होता, ते खरंच. पण हे त्यामुळे झालं असं मानायला काहीही आधार नाही. आणि काकू, ते अक्षर बदललं तेव्हा हा पोटातसुद्धा नव्हता. तुमच्या काळोख्या खोलीचा याच्याशी संबंध नाही. ज्यांनी ना कधी रंग हाताळला, ना फोटो धुतले, त्यांच्या मुलांतही हेच झालंय.”

“त्यांच्या म्हणजे?” काकूंनी विचारलं. “असे आणखी आहेत?”

“जगभरात मिळून चाळीसएक सापडलेत आतापर्यंत. काहींच्या घरच्यांनी फोटो दाखवायची परवानगी दिली आहे. बघायचेत? नको वाटलं तर नको.”

काकूंनी मान डोलावली.

बाईंनी दोन-तीन कळा दाबल्या आणि पडदा पुन्हा वळवला.

पडद्यावर सहा मुलं होती. एक सोनेरी केसांचं. एक अगदी काळंसावळं, कुरळ्या केसांचं. एक बारीक डोळ्यांचं. एकाच्या अंगात लोकरीचं जाड काहीतरी, एक उघडंच. आणि सहाही चेहऱ्यांवर तेच कपाळ होतं. तेच लांब लांब डोळे, तेच खाली बसवलेले कान, काढायचा राहून गेलेला तोच ओठ.

काकू खुर्चीतून उठल्या. त्यांच्या मांडीवरची पर्स खाली पडली ती कुणी उचलली नाही.

“हा आपला भुंगा,” त्या म्हणाल्या. “अहो, हा बघा. चार वर्षांचा होता तेव्हाचा.”

“ती मुलगी आहे, काकू. इथून खूप लांब राहते.”

“असू दे हो. भुंगाच आहे तो.” त्यांनी एकेका चेहऱ्याला लांबूनच बोट दाखवलं. “हापण. आणि हापण. बघा ना, हसायच्या आधी गाल कसा एका बाजूला जातो.”

आयुष्यभर चेहरे पाहिलेल्या काकू तोंड उघडं टाकून उभ्या होत्या. सख्ख्या बहिणीत आणि त्याच्यात काही जुळत नव्हतं, आणि ही कुठकुठली पोरं, ज्यांची भाषा वेगळी, आकाश वेगळं, ती त्याच्या पाठची शोभत होती.

काका जवळ आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, खिडकीपाशी घुमणाऱ्या लेकाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“आयला,” ते एवढंच म्हणाले.

“दादाचं केवढं मोठं घराणं निघालं,” धाकटी म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती, आणि चुरगाळलेला रुमाल आता कामाला आला होता.

पडद्यावरून नजर न काढता काकूंनी विचारलं, “यांतले मोठे कुठेयत? याच्या वयाचे?”

“मोठे नाहीत. ही तपासणीच नवीन, म्हणून लहान मुलंच सापडली. मोठे असतील कुठे कुठे, पण त्यांना अजून कुणी शोधलं नाही. आमच्या माहितीत याच्याहून मोठं कुणी नाही.”

“मग पुढे याचं काय होणार? आमच्या मागे?”

बाईंनी नजर चुकवली नाही. “मला माहीत नाही, काकू. खोटं सांगणार नाही. कुणालाच माहीत नाही.”

*

धाकटी आपल्या घरी गेली. परतताना बसमध्ये भुंगा खिडकीशी, काकू मधे, काका कडेला. दोन थांबे गेले.

“म्हणजे खोकला नव्हता?” काकू म्हणाल्या.

“नव्हता.”

“मग मी वर्षभर चमच्याने औषध पाजत होते ते?”

“प्यायलो की.”

“कडू होतं ते.”

“लई कडू.”

काकूंना हसू आलं. “मला का नाही बोललात कधी?”

“तू म्हणाली असतीस, तुमच्यामुळे झालं.”

“मी कशाला म्हणेन? मी तर धरून चालले होते, माझ्यामुळे झालं.”

एका वळणावर बस कलली तसे काका त्यांच्या अंगावर रेलले, आणि बस सरळ झाल्यावरही तसेच राहिले. भुंगा काचेला नाक लावून समोरच्या गाड्यांबरोबर घुमत होता. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलं, “मुलगा का तुमचा?” काकू म्हणाल्या, “हो, आमचाच.” आणि मग, गरज नसताना, म्हणाल्या, “याच्यासारखी चाळीस आहेत जगात.” त्या बाईला काय कळलं कुणास ठाऊक, तिने कौतुकाने मान डोलावली.

*

धाकटीला आठवा लागला तेव्हा समुपदेशक बाईंचा फोन आला. फोटोतल्या त्या मुलीच्या डॉक्टरांमार्फत निरोप आला होता. तिच्या आईला कळलं होतं की या मुलांमधला एक तीस वर्षांचा आहे. त्याच्या घरच्यांशी बोलायला मिळेल का, असं ती विचारत होती. बाई म्हणाल्या, “तुमचं नाव-पत्ता मी काहीही दिलेलं नाही. नको असेल तर इथेच संपवते.”

काकूंनी स्टुडिओतून सुट्टी घेतली. भुंगाला आंघोळ घालून, निळा शर्ट घालून, बटणं लावून, भांग पाडून तयार केलं. काकांनी स्वतःहून त्याची आणि आपलीही दाढी केली.

ठरल्या वेळी, समुपदेशक बाईंच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर एक तरुण बाई आली. तिच्याकडे पहाट होती. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर मुलाच्या लाळेचा सुकलेला डाग. काकूंना ती बघताक्षणी ओळखीची वाटली. तिच्या मांडीवर ती फोटोतली मुलगी होती, मान कलती टाकून. ती घुमत होती. तोच सूर, जरा बारीक. भुंगाने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि गप्प होऊन ऐकत राहिला.

तिची भाषा समुपदेशक बाईंना येत होती. त्या पडद्याच्या बाजूला बसून दोन्हीकडचं सांगत होत्या.

“विचारतायत, रात्री झोपतो का?”

“आता झोपतो. सात-आठ वर्षांचा होईतो झोपला नाही. आम्ही पाळीपाळीने जागायचो. तिला म्हणावं, नवऱ्याला उठव, एकटी मरू नकोस.”

पलीकडची बाई ऐकून थकलेलं हसली.

“चालायला कधी लागला?”

“सहाव्या वर्षी. तोवर सगळ्यांनी आशा सोडली होती. आधी टेबल धरून, मग भिंत धरून. एकदा सुटला तो सुटलाच.”

“झटके येतात का? बोलेल का कधी?”

“झटके यायचे. गोळ्या घेतो, आता कमी आहेत. बोलला नाही. तिला खोटं सांगू नका, मॅडम. बोलला नाही. बटणं लावता येत नाहीत, एकटा सोडता येत नाही. पण घरात कोण आलं, कोण गेलं, कोण रुसलं, सगळं कळतं त्याला. बहीण जिन्यात असली तरी कळतं. याच्या बाबतीत झालं ते तिच्या मुलीच्या बाबतीत होईलच असं नाही, तेही सांगा.”

बाई सांगत राहिल्या. पलीकडच्या बाईने एकदा डोळे पुसले. मग तिने काहीतरी छोटंसं विचारलं.

“विचारतायत, त्याला आवडतं काय?”

काका पुढे सरसावले. “वायपर! पावसात बसच्या पुढे बसवायचं याला, उठायचं नाव घेत नाही. आणि बादलीत पाणी हललं की छतावर उजेड हलतो ना, ते. तासन् तास. आणि पडद्याच्या दोऱ्या. हे सांगा मॅडम, नीट सांगा, सगळं सांगा.”

ते सांगून झाल्यावर पलीकडची बाई काही विचारेना. बाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, पण ती बोलत नव्हती. मांडीवरच्या मुलीच्या डोक्यावर हनुवटी ठेवून ती नुसती बघत होती. आधी तिची नजर काकूंवरून आली, मग काकांवरून, आणि मग भुंगावर येऊन थांबली. त्याच्या रुंद कपाळावर, गुळगुळीत दाढी केलेल्या गालांवर, कानाजवळ पिकू लागलेल्या दोन केसांवर, मोठ्या माणसाच्या त्या रुंद खांद्यांवर.

ती काय बघते आहे हे काकूंच्या ध्यानात आलं.

त्यांनी आवाज न करता खुर्ची मागे घेतली आणि चौकटीबाहेर झाल्या. काका अजून तिथेच पुढे वाकून बसले होते. काकूंनी त्यांची बाही धरून त्यांनाही बाजूला ओढलं.

तिच्यासमोरच्या पडद्यावर एकटा भुंगा उरला. तो पलीकडच्या उजेडाकडे बघत हळू आवाजात घुमत होता. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिचं बघून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.